अर्ज कोणाचा? पत्ते, फासे आणि जकातीची सहाशे वर्षं

2025 च्या एप्रिलमध्ये माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण जवळजवळ लिहून झालं होतं. विषय युरोपातल्या पत्त्यांच्या धंद्यावरची जकात. म्हणजे पंधराव्या शतकापासून राज्यकर्त्यांनी खेळायच्या पत्त्यांची आयात कुठे, कधी आणि का अडवली. नेमक्या त्याच महिन्यात अमेरिकेने चीनहून येणाऱ्या मालावरचं शुल्क 145 टक्क्यांवर नेलं आणि तिथल्या बोर्ड गेम काढणाऱ्या छोट्या कंपन्यांची झोप उडाली, कारण त्यांचे बहुतेक खेळ चीनमध्येच बनतात. मला घबाड सापडल्यासारखं झालं. एका रात्रीत चार पानं लिहिली. 1441 मध्ये व्हेनिसने जे केलं तेच आज वॉशिंग्टन करतंय, स्थानिक कारागिराला वाचवण्यासाठी परदेशी माल अडवणं ही सहाशे वर्षं जुनी चाल आहे, वगैरे वगैरे.

मार्गदर्शक बाईंनी चारही पानांवर पेन्सिलने तिरकी रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले: "अर्ज कोणाचा?"

त्या दोन शब्दांनी माझे तीन आठवडे खाल्ले. तुमच्यापैकी जे आत्ता संशोधनाचा आराखडा लिहितायत त्यांच्यासाठी ते तीन आठवडे इथे मांडते.

आधी व्हेनिस. 11 ऑक्टोबर 1441 चा हुकूम आहे. शहराबाहेर तयार झालेलं, कापडावर किंवा कागदावर छापलेलं वा रंगवलेलं कुठलंही चित्रकाम, त्यात खेळायचे पत्तेही आले, व्हेनिसमध्ये आणायचं नाही. आणलंत तर माल जप्त आणि वर 30 लिरा 12 सोल्दी दंड. या दंडाचे तीन वाटे: एक सरकारचा, एक धंद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा आणि एक खबर देणाऱ्याचा. (खबऱ्याला थेट तिसरा हिस्सा! कायदा राबवायला पुरेसे शिपाई नसले की काय करायचं, हे व्हेनिसला पक्कं ठाऊक होतं.) कारण असं दिलंय की पत्ते आणि छापील चित्रं करण्याची इथली कला बाहेरच्या मालामुळे पार लयाला गेली आहे.

पहिल्या वाचनात मी हे कारण जसंच्या तसं उचललं होतं. "पंधराव्या शतकात व्हेनिसचा पत्त्यांचा धंदा बुडाला होता", असं बिनधास्त लिहून मोकळी झाले. पण हुकूम नीट वाचला की दिसतं, हे वाक्य सरकारचं नाहीच. कारागिरांनी विनंती केली आणि तिच्याप्रमाणे हुकूम निघाला, असं त्यातच म्हटलंय. तो सापडला तोही चित्रकारांच्या संघाच्या जुन्या नियमवहीत. अठराव्या शतकात तोम्माझो तेमान्झा नावाच्या वास्तुतज्ज्ञाने तो उजेडात आणला. म्हणजे "धंदा बुडाला" हे ज्यांना बंदी हवी होती त्यांचं म्हणणं. आणि अर्ज करणारा कधी "आमचं तसं बरं चाललंय" असं लिहील का?

म्हणून दुसऱ्या बाजूचा कागद लागतो. इथे तो सुदैवाने आहे. जर्मनीतल्या उल्म शहराच्या एका जुन्या बखरीत नोंद आहे की तिथून पत्ते पिंपात भरून इटलीला, सिसिलीला आणि समुद्रापलीकडे जात आणि त्यांच्या बदल्यात मसाल्याचे पदार्थ येत. म्हणजे तक्रार अगदीच हवेतली नव्हती. जर्मन कारागीर लाकडी ठशांवरून भराभर छापत होते आणि माल आल्प्स ओलांडून दक्षिणेला उतरत होता.

इंग्लंडची गोष्टही याच वळणाची. 1463 मध्ये चौथ्या एडवर्डच्या काळात पार्लमेंटने परदेशी तयार मालाची एक लांबलचक यादी करून तिच्यावर बंदी घातली. त्या यादीत टेनिसचे चेंडू आहेत, फासे आहेत आणि खेळायचे पत्तेही आहेत. इंग्लंडमध्ये पत्ते होते याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा म्हणून सगळे तो देतात. एखादी वस्तू कागदावर पहिल्यांदा उगवते ती तिच्यावर बंदी येते म्हणून, हे इतिहासात वारंवार घडतं. इथेही अर्जदार कोण, तर लंडन आणि इतर शहरांतले कारागीर.

बंदी येऊनही पत्ते येतच राहिले, मुख्यतः फ्रान्समधल्या रूआँ शहरातून. मग 22 ऑक्टोबर 1628 रोजी पहिल्या चार्ल्सने लंडनच्या पत्तेवाल्यांना सनद दिली. परदेशी पत्ते पुन्हा बंद, आणि त्या बदल्यात इथे बनणाऱ्या मालावर राजाची जकात. सरळ सौदा. राजाला पार्लमेंटला न विचारता पैसा हवा होता, कारागिरांना बाजार हवा होता.

या सौद्याची खूण तुम्ही हातात धरली आहे. मेंढीकोट खेळताना बदाम राजाकडे कधी नीट बघितलंय? तलवार स्वतःच्याच डोक्यात खुपसल्यासारखी दिसते. रूआँच्या जुन्या पत्त्यांत त्याच राजाच्या हाती कुऱ्हाड होती. लंडनच्या कारागिरांनी रूआँचा नमुना उतरवला, मग त्या नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. मूळ माल येणं थांबल्यावर ताडून बघायलाही काही उरलं नाही. कुऱ्हाडीचं पातं पत्त्याच्या कडेबाहेर गेलं आणि हातात उरलेल्या दांड्याची तलवार झाली. फ्रेंच माल, इंग्रजी बंदी, आणि त्यातून निघालेला राजा आज आपल्या गणपतीच्या जागरणाला हजर!

1711 चा इंग्लंडमधला कर मात्र वेगळ्या जातीचा. पत्त्यांच्या कॅटवर 6 पेन्स, फाशांच्या जोडीवर 5 शिलिंग. हा कर देशी मालावरच होता, उद्देश फक्त तिजोरी भरणं, आणि या वेळी पत्तेवाल्यांची कैफियत कराविरुद्ध होती. पुढे 1765 पासून इस्पिकचा एक्का सरकारी मुद्रांक कचेरीच छापायला लागली, कारण कर भरल्याची खूण तीच. तो एक्का खोटा छापला म्हणून 1805 मध्ये रिचर्ड हार्डिंग नावाचा माणूस फाशी गेला. हा कर 1960 पर्यंत टिकला. याच्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

आता एक प्रश्न मला आमच्या चर्चासत्रात कोकणातल्या एका मैत्रिणीने विचारला. ज्या कारागिराला अर्ज करायला दरबारच नाही, त्याचं काय? तिच्या डोळ्यांसमोर सावंतवाडीचे चितारी होते. तिथले लाखकाम केलेले गोल गंजिफा एकेक करून हाताने रंगवायचे, दशावताराचा पूर्ण संच म्हणजे 120 पानं. त्यांच्यासमोर आले युरोपातले यंत्रावर छापलेले स्वस्त पत्ते. सावंतवाडी संस्थान होतं, पण हिंदुस्थानची बंदरं आणि आयातीचे दर इंग्रज सरकारच्या हाती, आणि त्या सरकारने 1882 मध्ये मीठ, दारू असे थोडे अपवाद सोडून आयात शुल्क जवळजवळ सगळंच काढून टाकलं. ते परत लागलं 1894 मध्ये, तेही तिजोरीला भोक पडलं म्हणून. या निर्णयांत मँचेस्टरच्या कापडवाल्यांचा आवाज होता. चिताऱ्यांचा असण्याचा प्रश्नच नव्हता. गंजिफा सावरल्या त्या थेट 1970 च्या दशकात, राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवलं तेव्हा.

तर बाईंच्या प्रश्नाकडे परत. व्हेनिसमध्ये अर्ज चित्रकारांचा. 1463 ला कारागिरांचा. 1628 ला पत्तेवाल्यांचा. आणि 2025 मध्ये?

मी शोधायला लागले. अमेरिकेत खेळांच्या धंद्याची जी मोठी संघटना आहे तिचं नाव गेम मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन. नावातच उत्पादक. तिने शुल्काची मागणी केली नव्हती, उलट कडाडून विरोध केला. सेंट लुइसची स्टोनमायर गेम्स ही "विंगस्पॅन" काढणारी कंपनी तर एप्रिल 2025 मध्ये सरकारविरुद्ध कोर्टात गेली. लर्निंग रिसोर्सेस ही इलिनॉयमधली शैक्षणिक खेळणी बनवून घेणारी कंपनीही त्याच महिन्यात गेली. मी ज्यांना व्हेनिसच्या चित्रकारांच्या जागी बसवलं होतं, ते उलट्या बाजूच्या बाकावर बसले होते! माझी चार पानं तिथेच संपली.

असं का झालं हे समजायला "विंगस्पॅन"चं खोकं उघडून बघा. हा 2019 चा पक्ष्यांवरचा खेळ, रचना मेरीलँडच्या एलिझाबेथ हारग्रेव्ह यांची. आत पक्ष्यांची 170 वेगवेगळी पत्ती, 75 इवलीशी अंडी, 5 लाकडी फासे, आणि फासे टाकायला पुठ्ठ्याचं बर्ड फीडर. म्हणजे छपाई, साच्यातलं प्लास्टिक, लाकूडकाम आणि पुठ्ठाकाम, सगळं एका खोक्यात नेमक्या मापात बसलं पाहिजे. शेन्झेन, शांघायच्या आसपास हे सगळं एका छताखाली किंवा शेजारच्या गल्लीत मिळतं. अमेरिकेत कारखाने नाहीत असं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ईस्ट लाँगमेडोला मिल्टन ब्रॅडलीचा जुना कारखाना अजून चालतो, पण 2015 पासून तो कार्टामुंडी या बेल्जियन कंपनीकडे आहे. आणि तिचं मूळ गाव तुर्नहाउट, एकोणिसाव्या शतकापासून पत्त्यांसाठीच ओळखलं जाणारं. पत्ते आणि पुठ्ठा तिथे होतो, पण लाकडी फासे आणि रंगीत अंड्यांसकट अख्खं खोकं छोट्या कंपनीला परवडेल अशा संख्येत करून घेणं ही वेगळी गोष्ट.

व्हेनिसच्या कारागिराकडे कल्पना, ठसा, रंग आणि विक्री जवळजवळ एकाच गल्लीत होतं. आजच्या खेळाचा "कर्ता" फुटून दोन खंडांत पडलाय. कल्पना, चित्रं, नियमांची भाषा, चाचण्या अमेरिकेत, हात चीनमध्ये. सीमाशुल्क खातं मात्र एकच प्रश्न विचारतं: माल बनला कुठे? हारग्रेव्ह यांच्या कामाला त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. मी सुद्धा नेमका तोच फॉर्म भरत होते.

आकडे बघा. स्टोनमायरचे जेमी स्टेगमायर यांनी तेव्हा जाहीर लिहिलं होतं की त्यांचे सुमारे अडीच लाख नग चीनमध्ये तयार होत होते आणि त्यांच्यावर जवळजवळ 15 लाख डॉलर शुल्क बसणार होतं. 10 डॉलरच्या मालावर साडेचौदा डॉलर, ते आयात करणाऱ्याने बंदरावर भरायचे, एकही खोकं विकलं जाण्याआधी. शिवाय अनेक खेळांचे पैसे किकस्टार्टरवर वर्ष-दोन वर्षं आधी गोळा झालेले असतात. किंमत ठरली 2023 च्या हिशेबाने, शुल्क 2025 चं. आणि त्याआधी हे शुल्क होतं किती? शून्य. अमेरिकेच्या आयात शुल्काच्या यादीत पटावरच्या खेळांची एक ओळ आहे: बुद्धिबळ, चेकर्स, पार्चीसी, बॅकगॅमन वगैरे. हो, पार्चीसी म्हणजे आपली पचिसीच, वॉशिंग्टनच्या सरकारी यादीत!

मेमध्ये जिनिव्हाच्या बोलणीनंतर दर 30 टक्क्यांवर आला, म्हणून बरेच जण तरले. फेब्रुवारी 2026 मध्ये लर्निंग रिसोर्सेसच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल दिला की 1977 च्या ज्या आणीबाणी कायद्याचा आधार घेतला होता, तो अध्यक्षांना शुल्क लावायचा अधिकार देत नाही. 1628 च्या सनदेमागेही हाच वाद धुमसत होता: पार्लमेंटला बाजूला ठेवून राजाने जकात घ्यावी का? खरं साम्य इथे होतं आणि मी ते कारागिरांत शोधत बसले होते.

प्रकरण आता नव्याने लिहिलंय. व्हेनिस आणि वॉशिंग्टन यांची तुलना काढली आणि त्या जागी एक तक्ता टाकला: वर्ष, हुकूम, अर्जदार, आणि अर्जदाराच्या हातात धंद्याचा नेमका कोणता तुकडा होता. चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाईंनी या खेपेला रेघ मारली नाही, फक्त 2025 च्या ओळीपुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. भरलेल्या शुल्काचा परतावा मागायचा हक्क ज्याच्या नावावर माल उतरला त्या आयातदाराचा असतो. वाढीव किंमत मोजून खेळ घेतलेल्या गिऱ्हाइकाचा नाही. म्हणजे आता परत अर्ज येणार, या खेपेला पैसे परत मागणारे. त्यांच्यासाठी मी तक्त्यात एक ओळ मोकळी ठेवली आहे.