रोहिणी ते दामोदर

धम्मपद-अट्ठकथेनुसार शाक्य व कोलिय यांच्यामधील रोहिणी नदीवर एकच बांध होता. जेठ महिन्यात पिके सुकताच मजुरांचे भांडण कुलनिंदेवर गेले व शस्त्रे निघाली. पाणी मोलाचे की क्षत्रियांचे प्राण, हा तथागतांचा प्रश्न तेथला.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात सिद्धार्थ हा तंटा दोन्हीकडील दोन-दोन व त्यांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांकडे सोपवू पाहतो. शाक्यसंघ ते नाकारतो. बाबासाहेबांनीच ३ जानेवारी १९४५ रोजी मजूरमंत्री म्हणून कलकत्त्यात बंगाल-बिहारच्या प्रतिनिधींपुढे दामोदर खोऱ्याच्या संयुक्त विकासाचा विचार मांडला होता. १९४८ साली महामंडळ झाले. त्यात तीन सरकारे बसली. बुडालेल्या गावांना आसन नव्हते. रोहिणीचा निवाडा आम्हांस तेथे अपुरा दिसतो.