बेरा चाचणीची कुळकथा
जन्मतः बहिऱ्या मुलाच्या अंतर्कर्णाची घडणच अपुरी असू शकते, हे बोलोन्याचा शरीरशास्त्रज्ञ कार्लो मोंदीनी याने १७९१ मध्ये दाखवून दिले. आठ वर्षांचा एक बहिरा मुलगा दगावल्यावर त्याने त्याचे कान उघडून पाहिले. गोगलगाईच्या शंखासारख्या कॉक्लियाला अडीच वेढे हवेत, तिथे दीडच भरले. पण असा दोष जिवंतपणी कळण्याची सोय पुढे फार काळ नव्हती. तान्ह्या मुलाची परीक्षा म्हणजे पाठीमागून टाळी किंवा घंटी वाजवायची आणि ते दचकते का, मान वळवते का ते पाहायचे.

मुलाच्या प्रतिसादावर विसंबायचे नाही, ही वाट एका चुकीच्या निष्कर्षातून उघडली. १९३० मध्ये प्रिन्स्टनला वीव्हर व ब्रे यांनी मांजराच्या श्रवणचेतेवर विद्युतअग्र ठेवले. मांजराच्या कानाशी बोललेले शब्द दूरच्या खोलीतल्या रिसीव्हरमध्ये ऐकू आले. चेताच बोलते आहे, असे त्यांना वाटले. लवकरच उलगडा झाला, की तो संकेत मुख्यतः कॉक्लियाचा होता; तिथल्या रोमपेशी ध्वनीची हुबेहूब विद्युत नक्कल करतात. ही गफलत पुढे पुन्हा भेटते.

माणसात अडचण वेगळी होती. चेतेचा प्रतिसाद टाळूवरून टिपायचा, तर तो एक मायक्रोव्होल्टही भरत नाही आणि मेंदूच्या इतर विद्युत हालचालीत बुडून जातो. टिकटिक हजार-दोन हजार वेळा ऐकवून सगळ्या नोंदींची सरासरी काढणारे संगणक आले, तेव्हा तो वर आला. इस्रायलमध्ये सोमर व फाइनमेसर यांनी १९६७ मध्ये तो टिपला. ज्युएट व विलिस्टन यांनी १९७१ मध्ये पहिल्या दहा मिलिसेकंदांतल्या लहरींना रोमन आकडे दिले. ते आकडे आजही चालतात. पहिली लहर चेतेची, पाचवी मस्तिष्कस्तंभातली. हेकॉक्स व गॅलांबोस यांनी १९७४ मध्ये ही पद्धत तान्ह्या मुलांसाठी वापरून दाखवली. मूल झोपलेले असले तरी चालते, किंबहुना झोपलेलेच बरे. भारतातल्या रुग्णालयांत हीच ‘बेरा’.

१९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कान स्वतःही बारीक प्रतिध्वनी सोडतो हे प्रसिद्ध केले. त्यावर ‘ओएई’ ही झटपट चाचणी उभी राहिली.

सदोष अंतर्कर्णात मात्र या दोन चाचण्यांची साक्ष जुळेलच असे नाही. श्रवणचेता खुरटलेली किंवा नसलेली, पण रोमपेशी शाबूत, अशा मुलाची ओएई सामान्य येऊ शकते. फक्त त्यावर थांबले तर बहिरेपण निसटते. बेरात पाचवी लहर नसते, पण सुरुवातीला काही शिखरे दिसतात. ती चेतेची की रोमपेशींची? वीव्हर-ब्रे यांचीच गफलत इथे पुन्हा होऊ शकते. म्हणून टिकटिकीची ध्रुवता उलटवतात: रोमपेशींचा संकेत उलटा होतो, चेतेच्या लहरी होत नाहीत. काही सदोष कानांत तीन-चार मिलिसेकंदांच्या आसपास एक खोल दरी दिसते. ती ऐकण्याची नसून तोल सांभाळणाऱ्या लघुकोशाची मानली जाते.

तरी चेता आहे की नाही, याचा निवाडा एकट्या लहरींवर होत नाही. त्यासाठी एमआरआय काढतात. सेन्नारोग्लू व साची यांनी २००२ मध्ये केलेली अंतर्कर्णदोषांची वर्गवारी मात्र सीटी स्कॅनच्या प्रतिमांवर बेतलेली आहे. मोंदीनीने तपासलेल्या मुलाचा दोष तीत ‘अपूर्ण विभाजन, प्रकार दोन’ असा येतो. एमआरआयमध्येही चेता संशयास्पद वाटली, तर कॉक्लियात विद्युतस्पंद सोडून विद्युत-बेरा घेतात.