पाण्यांतले पाहुणे



आमच्या खानदेशांत फारुकी आले, मोगल आले, इंग्रज आले. आणि कालांतरानें गेले. चोपड्याच्या शाळेंत हा इतिहास मीं अनेक वर्षें शिकविला. पाण्यांत आलेले परके मात्र जात नाहींत, हें त्या पुस्तकांत नव्हतें.

१९२८ सालीं हिंवतापाच्या डासांच्या अळ्या खाण्यासाठीं गंबूशिया हा चिमुकला अमेरिकन मासा इटलींतून बंगळूरला आणला. हेतु चांगला होता. पण तो देशी माशांचीं अंडीं व पिल्लेंहि खातो. १९५२ सालीं आफ्रिकेंतील तिलापिया आला. उजनीच्या कांठीं त्यालाच चिलापी म्हणतात. त्याची मादी अंडीं तोंडांत सांभाळते, म्हणून पिल्लें वांचतात; वीणहि वर्षांतून अनेकदां होते. १९५९ सालीं तज्ज्ञांच्या समितीनें त्याच्या प्रसारास बंदी घातली, तरी तो पसरतच गेला. १९७१ सालीं हिमाचलांत पुराच्या पाण्याबरोबर चंदेरा मासा गोविंदसागरांत शिरला, आणि तेथील कटला मागें पडला.

पुढें बांगलादेशाच्या वाटेनें आफ्रिकी मांगूर आला. हा अधाशी मासा हवेंतूनहि श्वास घेतो व ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरें पाणी गांठतो. सन २००० मध्यें केंद्र सरकारनें त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. २०१९ सालीं राष्ट्रीय हरित लवादानेंहि ती उचलून धरली, तेव्हां महाराष्ट्रांत अनेक तळ्यांतील मांगूर नष्ट करण्यांत आले.

हें तळ्यांत जमलें, कारण तळें उपसतां येतें. तापी कोण उपसणार? तेथें विष घालावें तर मरळ आणि वामहि मरतील. जाळें टाकावें तर त्याला आपपरभाव नाहीं. सातपुड्यांतून उतरणारे आमचे ओढेनाले अखेर तापीसच मिळतात. म्हणून परका मासा काढावयाचा तो तळ्यांतच, आणि पहिल्या पुरापूर्वीं.

यांत शहरवासी श्रोत्यांचाहि भाग आहे. घरांतील कांचेच्या पेटींत शोभेसाठीं पाळलेला सकर मासा वाढला, कीं दयाबुद्धीनें तो तलावांत सोडतात. आज तो उजनींत कोळ्यांच्या जाळ्यांत अडकतो व आपल्या कांट्यांनीं तींच जाळीं फाडतो. बाजारांत त्याला मोल नाहीं. फाटलेल्या जाळ्याचा भुर्दंड मात्र त्या गरीब कुटुंबास बसतो.

एवढेंच सांगणें आहे: नकोसा झालेला मासा विकणाऱ्यास परत द्या, किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्या, पण नदींत सोडूं नका. तेथें तो एकदां गेला, कीं तुमची दया दुसऱ्या कोणाच्या तरी ताटांतून वसूल होते.