मोरजीचा बाजारहाट : वाणसामान कुठे मिळते, कोणाला आणि कितीला

मोरजीत आज किराणा मिळत नाही, असे कोणी म्हणणार नाही. चोपड्याहून गावात शिरल्यापासून मांद्र्याच्या दिशेने जाईपर्यंत मुख्य रस्त्याला दुकानेच दुकाने आहेत. त्यांतल्या काहींच्या पाट्या रशियन भाषेतही आहेत. तरीही आमच्या सभासदांकडून, विशेषतः नोकरीधंद्यानिमित्त बाहेर राहून गावच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची काळजी वाहणाऱ्यांकडून, एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : घरी महिन्याचे सामान वेळेवर आणि रास्त दरात पोचेल कसे? दुकाने वाढली तसा हा प्रश्नही वाढला आहे. त्यासंबंधी आम्हाला असलेली माहिती येथे एकत्र देत आहोत.

गावाच्या दक्षिणेला शापोरा नदी, पश्चिमेला समुद्र. पूल होण्यापूर्वी चोपड्याला फेरीबोटीत बसून शिवोलीला उतरायचे आणि शुक्रवारचा म्हापशाचा बाजार गाठायचा, हा आमच्या वाडवडिलांचा रिवाज होता. दुसरी वाट उत्तरेची. हरमलच्या पुढे किरणपाणीला तेरेखोल नदी ओलांडली की आरोंदा, शिरोडा, सावंतवाडी. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, पण सोयरीक आणि बाजार यांची ओढ नदीपलीकडेच राहिली. १९५४-५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगीज सरकारवर तांदूळ आणि बटाट्यासारख्या वस्तूही समुद्रमार्गे परदेशांतून आणायची पाळी आली. पेडण्याच्या लोकांना मात्र नाकेबंदीची झळ अधिक घरगुती होती. जिथून मीठ-मिरची यायची ती सवयीची वाटच बंद झाली. १९६१ नंतर ती पुन्हा मोकळी झाली. आता किरणपाणी-आरोंदा पूल आहे आणि चतुर्थीच्या आधी सावंतवाडीला बाजाराला जाणारी मोरजीची घरे आजही आहेत.

जुन्या व्यवस्थेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुरुमेंत. शब्द पोर्तुगीजमधून आलेला, अर्थ पावसाळ्याची बेगमी. उकडे तांदूळ, सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, आमसुले, चिंच, मीठ, सुके मासे हे सगळे मे महिन्याच्या आत घरात यायचे. ईस्टरनंतर म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त होते, त्याची फेरी म्हणजे या खरेदीची मोठी जागा. हरमलच्या मिरचीला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले; आमच्या घरांत ती मानांकनाशिवायच पिढ्यान् पिढ्या भरून ठेवली जात होती. पण पुरुमेंत भरायला एप्रिल-मे महिन्यांत हातात पैसा लागतो. तो नसलेले घर पावसाळाभर वाड्यावरच्या दुकानाच्या वहीवर चालायचे आणि भात कापणीनंतर हिशेब मिटायचा.

भाताची जागा आता पर्यटनाने घेतली, चक्र मात्र तेच राहिले. खोल्या भाड्याने देणारे, शॅकवर काम करणारे, टॅक्सी चालवणारे यांची कमाई ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर आवक जवळजवळ बंद आणि खर्च चालूच. किराणा दुकानांच्या स्पर्धेचा विचार करताना ही गोष्ट सुटली तर पुढचा हिशेब लागत नाही.

मुख्य रस्त्यावरची मोठी दुकाने प्रामुख्याने एकमेकांशी स्पर्धा करतात, आणि तीही हंगामातल्या गिऱ्हाइकासाठी. तिथे चीज, ऑलिव्ह, परदेशी बिस्किटे, कुत्र्या-मांजरांचे खाद्य दहा प्रकारचे मिळते. पण पाच किलो उकडे तांदूळ किंवा अर्धा किलो अळसांदे मागितले तर विक्रेता विचारात पडतो. यात त्याचा दोष काही नाही. रस्त्यालगतच्या जागेचे भाडे पर्यटनाच्या हिशेबाने ठरते. ते फेडायचे तर किलोमागे दोन रुपये सुटणाऱ्या तांदळाला फळीवर जागा देणे त्याला परवडत नाही. पावसाळ्यात यांतली काही दुकाने बंद होतात, काहींचा माल निम्म्यावर येतो.

त्याच भाड्याचा परिणाम वाड्यावरच्या दुकानावरही होतो. तेमवाडा, विठ्ठलदासवाडा, गावडेवाडा अशा वाड्यांवर घराच्या पुढच्या खोलीत चालणारी दुकाने आम्ही लहानपणापासून पाहत आलो. तीच खोली कॅफेला किंवा दुचाकी भाड्याने देणाऱ्याला दिली तर बसल्या जागी जास्त पैसे मिळतात. मुले शिकून नोकरीला लागली, गल्ल्यावर बसणारे थकले की शटर ओढले जाते. गिऱ्हाईक पूर्ण तुटलेले नसते. पण महिन्याची मोठी यादी गाडीने म्हापशाला गेलेली असते आणि या दुकानाकडे उरतात दूध, काडेपेटी, अर्धा किलो साखर. एवढ्यावर दुकान चालत नाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात ‘फूड डेझर्ट’ हा शब्द रूढ झाला : वस्ती आहे, पण चालत जाण्याच्या अंतरावर रास्त दरात धडके अन्न मिळत नाही अशी जागा. मोरजीला वाळवंट म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण गुडघे दुखणाऱ्या, गाडी न चालवणाऱ्या एकट्या माणसाला वाड्यावरचे दुकान गेल्यावर काय उरते, एवढा प्रश्न त्या शब्दात नक्की आहे.

आता हिशेब, कारण जन्मभर तेच केले. समजा महिन्याच्या यादीत २० किलो जिन्नस आहेत आणि म्हापशात ते किलोमागे सरासरी ४ रुपये स्वस्त पडतात. बचत ८० रुपये. बसचे जाण्यायेण्याचे भाडे आणि बसथांब्यापासून घरापर्यंत रिक्षा मिळून समजा दीडशे रुपये लागले, तर खरेदी ७० रुपयांनी महाग झाली आणि अर्धा दिवस गेला तो वेगळाच. कामानिमित्त गाडीने रोज म्हापशाला जाणाऱ्या शेजाऱ्याच्या डिकीत तेच सामान आले, तर पूर्ण ८० वाचतात. म्हणजे ‘म्हापसा स्वस्त’ हे विधान गाडीवाल्यासाठी खरे आणि बसने जाणाऱ्यासाठी बहुधा खोटे. दर विचारताना पिशवी घरात येईपर्यंतचा दर विचारावा.

उधारीचाही एक दर असतो, तो मात्र कुठल्याच पाकिटावर छापलेला नसतो. एखाद्या घराने जून ते सप्टेंबर दर महिन्याच्या एक तारखेला दोन हजारांचे सामान वहीवर नेले आणि ऑक्टोबरच्या आरंभी आठ हजार एकदम फेडले, तर वर्षाला १२ टक्क्यांनी त्या उधारीचे व्याज २०० रुपये होते. दुकानदार ते मागत नाही. अशी तीस घरे असली तर ऑक्टोबरच्या तोंडावर त्याचे २ लाख ४० हजार रुपये गिऱ्हाइकांकडे अडकलेले असतात आणि घाऊक व्यापाऱ्याला मात्र आठ-पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. वाड्यावरचा दर मुख्य बाजारापेक्षा दोन-चार रुपयांनी वर का, याचे उत्तर बहुतांशी इथे आहे. लबाडी समजून नाक मुरडण्यापूर्वी हे आकडे मांडून पाहावेत. दुकान चालवणाऱ्या सभासदांनाही एक सांगणे : उधारीची वही तारण म्हणून बँकेपुढे चालत नाही, पण २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत किशोर गटाखाली पाच लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळू शकते. खेळत्या भांडवलासाठी सोन्यावर कर्ज काढण्याआधी ती चौकशी करावी. विक्रीची नोंद आणि बँकेतली उलाढाल नीट असेल तर अर्ज सोपा जातो.

खाजगी दुकानांखेरीज आणखी तीन सोयी आहेत आणि त्यांचा उपयोग आपल्याकडे पुरेसा होत नाही. फोंड्यात मुख्यालय असलेली गोवा बागायतदार सहकारी खरेदी विक्री संस्था सभासदांकडून सुपारी, नारळ, काजू विकत घेते आणि आपल्या बाजारांतून वाणसामान विकते. आपल्यापैकी बऱ्याच घरांत काजू-नारळ आहेत. विकायला जाताना येताना यादी घेऊन येणे शक्य आहे. दुसरी सोय गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे भाजीचे गाडे. तिथला सवलतीचा दर महामंडळ ठरवते आणि फलकावर लिहिलेला असतो. यातली बरीच भाजी बेळगावहून घाटमार्गे येते, त्यामुळे घाटात दरड कोसळली की गाड्यावर माल कमी आणि बाहेर दर वर. हिवाळ्यात वायंगणातली तांबडी भाजी, मुळा, मिरची गावातच मिळते, तेव्हा घाटाकडे डोळे लावायचे कारण नाही.

तिसरी सोय रेशन. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य दरमहा मिळते, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. एक देश एक रेशनकार्ड योजनेत गोवा २०२० च्या आरंभापासून आहे. त्यामुळे या कायद्याखालचे कार्ड दुसऱ्या राज्यातल्या दुकानातही चालते. गावात कामाला आलेल्या मजुरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. आधार जोडणी आणि ई-केवायसी राहिली असेल तर ती करून घ्यावी, वृद्धांच्या बाबतीत मुलांनी सुट्टीत आल्यावर हे काम पहिले करावे. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. ते प्लास्टिक नव्हे, पोषणद्रव्ये मिसळून केलेले दाणे असतात. ते निवडून टाकणाऱ्या सुगृहिणींची आम्हाला कल्पना आहे. त्यांनी एवढे श्रम वाचवावेत.

खरेदीतल्या हक्कांविषयी थोडक्यात. पाकिटावरच्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर आलेले असतात. दुकानदाराला त्यावर एक रुपयाही घेता येत नाही, ‘थंड करण्याचे’ म्हणूनही नाही. हॉटेल-रेस्टॉरंटची गोष्ट निराळी; तिथे बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला जास्त आकारणी चालते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय आहे. आपल्या किनाऱ्यावर हे दोन्ही शेजारी शेजारी असल्याने घोळ होतो. पाकिटाचा आकार तोच ठेवून आतले वजन कमी करण्याची पद्धत आता सर्रास आहे, म्हणून किंमत न पाहता दर किलोचा किंवा दर १०० ग्रॅमचा दर पाहावा. १८ जुलै २०२२ पासून नाव छापलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद तांदूळ-डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो. तोच जिन्नस पोत्यातून सुटा तोलून घेतला तर लागत नाही. वाड्यावरच्या दुकानाला स्पर्धेत मिळालेली ही एक दुर्मीळ बाजू. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वजनमाप खात्याकडून तपासणी व्हावी लागते आणि त्याचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे लागते. तक्रार करायची तर बिल हवे. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा दूरध्वनी क्रमांक १९१५.

एकत्र खरेदीची सूचना काही सभासदांनी केली आहे. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या एवढ्या मालावर आपले सहकारी दुकान उघडले. मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ मध्ये जे सहकारी दुकान सुरू झाले, त्याचे पुढे अपना बाजार झाले. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून तर दुकानाशिवायच काम केले : शेजारच्या दहा-पंधरा घरांचा गट, महिन्याची एक यादी, एकत्र रक्कम, ठरल्या दिवशी माल आणि सदस्यांनीच केलेले वाटप. मोरजीला हाच प्रकार झेपण्यासारखा आहे. त्यात नोकर लागत नाही आणि गाळ्याचे भाडेही नाही.

अडचणी दोन. गटखरेदी रोखीची असते, त्यामुळे पावसाळ्यात वहीवर चालणाऱ्या घराला तिचा उपयोग नाही. आणि वीस घरांची मोठी यादी एकदम बाहेर गेली, तर वाड्यावरच्या दुकानाचा उरलासुरला आधारही जाईल. म्हणून आमचे मत असे की, गटाने आपली यादी वाड्यावरच्याच दुकानदाराकडे न्यावी, वीस घरांची आगाऊ रक्कम त्याच्या हाती द्यावी आणि घाऊक दरावर ठरावीक टक्केवारी त्याला ठेवू द्यावी. त्याला भांडवल मिळते, गटाला दर मिळतो, आणि वजन करून घरपोच देण्याची व्यवस्था त्याच्याकडे आधीच आहे. मात्र तांदूळ, मिरची, कडधान्ये आणि तेल यांची पावसाळी यादी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तयार असावी लागेल. मे अखेरीला भाव चढतात, आणि एकदा पाऊस लागला की वाड्यावरच्या अरुंद वाटेने मालाचा टेंपो आत आणणे कठीण जाते.