जुन्या कॉम्प्युटरवर न्यूजरीडर चालत नाही? डिलीट करण्याआधी हे तपासा

फेसबुक आणि रेडिटच्या कितीतरी आधी लोक युजनेटवर गप्पा मारायचे, वाद घालायचे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना १९७९ मध्ये ही कल्पना सुचली. युजनेटवर ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ नावाचा ग्रुपही होता.

हे ग्रुप वाचण्याचं सॉफ्टवेअर म्हणजे न्यूजरीडर. विंडोज एक्सपीसोबत येणाऱ्या आऊटलूक एक्सप्रेसमध्ये ही सोय होती. आज तो कॉम्प्युटर सुरू केला, तर प्रोग्रॅम उघडतो पण मेसेज येत नाहीत. मग अनेक जण थेट विंडोज नव्याने टाकतात. पण दोष बऱ्याचदा प्रोग्रॅमचा नसतो आणि या घाईत जुने मेसेज मात्र कायमचे जातात.

सगळ्यात आधी बॅकअप

सर्व्हर मेसेज ठरावीक काळच ठेवतात. त्यामुळे कॉम्प्युटरवरची प्रत गेली, तर ती पुन्हा डाउनलोड होईलच असं नाही. आऊटलूक एक्सप्रेसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मेन्टेनन्स आणि मग स्टोअर फोल्डर इथे गेल्यावर फाइल्सची जागा कळते. प्रोग्रॅम बंद करून तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा.

सर्व्हर अजून सुरू आहे का?

अनेक इंटरनेट कंपन्यांनी आपले न्यूज सर्व्हर बंद केले आहेत. खुद्द ड्यूक विद्यापीठाने २०१० मध्ये आपला सर्व्हर बंद केला. गुगल ग्रुप्सनेही २२ फेब्रुवारी २०२४ पासून युजनेटच्या नव्या पोस्ट घेणं थांबवलं. सेटिंगमध्ये जुन्याच सर्व्हरचं नाव असेल, तर ते बदलावं लागेल. ‘एटर्नल सप्टेंबर’सारख्या सर्व्हरवर मोफत नोंदणी करता येते.

कॉम्प्युटरची तारीख बरोबर आहे का?

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख अनेक वर्षं मागे जाते. मग सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र चुकीचं ठरतं आणि कनेक्शन तुटतं. सेल बदलून तारीख नीट केली की ही अडचण सुटते.

पोर्ट कोणता?

साध्या कनेक्शनसाठी ११९ आणि एन्क्रिप्टेड कनेक्शनसाठी ५६३ हा पोर्ट वापरतात. एक्सपीवरच्या आऊटलूक एक्सप्रेसला टीएलएस १.२ हे नवं एन्क्रिप्शन जमत नाही, त्यामुळे ५६३ वर अडचण येऊ शकते. ११९ चालेल, पण त्यावरून पासवर्ड उघडा जातो. म्हणून दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा. एक्सपीवर चालणारी थंडरबर्डची शेवटची आवृत्ती ५२ आहे. तिला टीएलएस १.२ जमतं.

कनेक्शन झालं, पण नवं काहीच दिसत नाही?

प्रत्येक सर्व्हर मेसेजना स्वतःचे क्रमांक देतो. सर्व्हर बदलल्यावरही न्यूजरीडरने जुने क्रमांक धरून ठेवले, तर नवे मेसेज ‘वाचलेले’ समजले जातात. अशा वेळी सर्व्हरचं नवं अकाउंट तयार करून ग्रुप पुन्हा सबस्क्राइब करा. ‘रीसेट’ बटण मात्र जपून वापरा. आऊटलूक एक्सप्रेसमध्ये ते त्या ग्रुपचे साठवलेले मेसेज पुसून टाकतं.

एवढं करूनही जमलं नाही तर?

नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड टाका. त्यात आजही न्यूजग्रुप वाचता येतात. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला आहे. त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवर बँकेची कामं करू नका. त्यातले जुने मेसेज तेवढे सांभाळून ठेवा.