हिरड्यांतून रक्त येते? हृदयाशी त्याचा संबंध काय?

ब्रश करताना रक्त आले की आपल्याकडे सगळ्यात आधी ब्रशच बंद होतो. शाहूवाडीत शिकवताना पालकांकडून हे आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. मग बोटाने मंजन, नाहीतर थेट मशेरी. हे अगदी उलटे आहे. रक्त येते ते हिरडीला सूज असल्यामुळे, आणि सूज येते ती दात व हिरडीच्या सांध्यात साचलेल्या जंतूंच्या थरामुळे. तो थर निघाला नाही तर दगडासारखा घट्ट होतो, हिरडी दातापासून सुटते आणि आतले हाड झिजू लागते. यालाच पायरिया म्हणतात. दुखत नाही, म्हणून दात हलेपर्यंत कोणी दवाखान्यात जात नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर रक्तही कमी येते, त्यामुळे आजार लपून राहतो.

सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात जातात, अगदी घास चावतानाही. शरीर त्यांच्याशी लढते आणि ही धुमसती सूज रक्तवाहिन्यांनाही त्रासदायक ठरत असावी, असे संशोधक मानतात. 1989 मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांचे दात इतरांपेक्षा जास्त खराब असल्याचे दाखवले, तेव्हापासून हा विषय चर्चेत आला. पण घाईने निष्कर्ष काढू नये. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये स्पष्ट सांगितले की दोन्ही आजारांचा संबंध दिसतो, मात्र एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही. तंबाखू आणि साखरेचा आजार दोन्हींच्या मुळाशी असतात, हेही विसरून चालत नाही. ‘दात साफ केले, आता अटॅक येणार नाही’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे मानू नका.

इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्याला कीड लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण खऱ्या दाताला हाडाशी बांधणारे धागे असतात, ते इथे नाहीत. सूज झाली की हाडापर्यंत लवकर पोहोचते. रक्त, पू किंवा तोंडाला वास आला तर थांबू नये.

खरा धोका आहे तो ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा ज्यांना पूर्वी झडपेचा संसर्ग झाला आहे त्यांना. तोंडातले जंतू झडपेवर बसले तर जिवावर बेतते. दात काढण्याआधी त्यांना अँटिबायोटिक द्यावे लागते, त्यामुळे डेंटिस्टला हे आधीच सांगा. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्यांनीही हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. आमच्या एका खालाजान दात काढायचा म्हणून चार दिवस गोळीच घेत नव्हत्या, डॉक्टरांनी चांगलेच रागावले.

मिस्वाक चांगलीच आहे. पण मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला ती नीट पोहोचत नाही, तिथे मऊ ब्रश लागतोच. रात्री झोपण्यापूर्वी आणि रमजानमध्ये सहरीनंतर दोन मिनिटे द्या. वर्षातून एकदा तरी दातांवरचा थर काढून घ्यावा. डेंटल कॉलेजात हे काम खासगी दवाखान्यापेक्षा सहसा स्वस्तात होते. आपल्या जिल्ह्यात नवे पारगावला असे कॉलेज आहे. जाताना घरातल्या मोठ्यांच्या बीपी, शुगर आणि हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या.