आजीचं देऊळ, कर्णाचं देऊळ

बऱ्याच शनिवारांनी लिहितोय. मध्ये एका रिलीजने जीव खाल्ला. तो संपल्यावर चार दिवस सुट्टी टाकली आणि अमरकंटकला जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहायचा विचार होता, पण हातून इतिहासच लिहून झालाय. चालवून घ्या.

अमरकंटकची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. माझी आजी नागपूरची, महालातली. नर्मदा परिक्रमा करायची तिची फार इच्छा होती. ती काही झाली नाही, आता वय शहाऐंशी, गुडघे बोलतात. पण देवघरात अमरकंटकच्या दगडी देवळाचा एक जुना फोटो आहे, आणि तो दाखवून ती दरवेळी सांगते, "हे देऊळ आपल्या भोसल्यांनी बांधलं." मीही हे वाक्य कॉलेजात, हापिसात बिनधास्त फेकत आलो. पडताळून कधीच पाहिलं नाही. जुन्या कोडमधली कॉमेंट जशी आपण खरी धरून चालतो, तसंच.

तर, पेंड्रा रोड स्टेशनला उतरायचं आणि घाट चढायचा. गाव छोटंसंच, मैकल डोंगराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडं वर. आता ते मध्य प्रदेशातल्या अनूपपूर जिल्ह्यात येतं. छत्तीसगडची हद्द अगदी हाकेच्या अंतरावर. गावाच्या मध्यभागी नर्मदाकुंड, भोवती पांढरीशुभ्र देवळं. इथून निघालेली नर्मदा १३१२ किलोमीटर पश्चिमेला जाऊन भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. आणि कुंडापासून दीडेक किलोमीटरवर सोनमुडा. शोण नदीचा उगम म्हणून लोक तिथे हात जोडतात. ती मात्र उत्तर-पूर्वेला जाऊन पाटण्याजवळ गंगेला मिळते. म्हणजे एकाच गावातल्या पावसाचं थोडं पाणी अरबी समुद्रात, थोडं बंगालच्या उपसागरात! लोकांनी याची गोष्ट केली आहे : नर्मदा आणि शोण यांचं लग्न ठरलं होतं, पण मध्ये जोहिला नावाची दासी आली, आणि रुसलेली नर्मदा पाठ फिरवून पश्चिमेला निघून गेली. जोहिला नदीही इथलीच, आणि ती खरोखरच पुढे शोणला मिळते. भूगोल लक्षात ठेवायची याहून सोपी युक्ती मला तरी माहीत नाही.

कुंडापासून सहाएक किलोमीटरवर कपिलधारा. नर्मदेचा पहिला मोठा धबधबा, साधारण शंभर फुटांचा. त्याच्या जरा खाली दुग्धधारा, लहान पण देखणी. या नदीला हिमालयातल्या नद्यांसारखा बर्फाचा आधार नाही. पाऊस पडतो, तो डोंगर आणि सालवृक्षांचं जंगल धरून ठेवतात, आणि वर्षभर थोडा थोडा सोडतात. १९९०च्या दशकाच्या शेवटी साल पोखरणाऱ्या किड्याची मोठी साथ या पट्ट्यात आली होती. याच पठारावर बॉक्साइटच्या खाणीही चालल्या. उगमाची काळजी म्हणजे नुसती कुंडाची साफसफाई नव्हे, हे कपिलधारेपाशी उभं राहिलं की नीट कळतं.

आता मूळ मुद्दा. कुंडाच्या दक्षिणेला जुन्या दगडी देवळांचा समूह आहे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, हिरवळ राखलेली, गर्दी कमी. आजीच्या फोटोतलं देऊळ तिथे दिसलं. तीन गाभाऱ्यांचं. नाव काय, तर कर्ण मंदिर. मला आधी महाभारतातला कर्ण वाटला! पण हा कर्ण म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा, साधारण १०४१ ते १०७३ या काळातला. त्रिपुरी म्हणजे आजचं जबलपूरजवळचं तेवर. म्हणजे देऊळ अकराव्या शतकातलं. नागपूरकर भोसले सत्तेवर आले अठराव्या शतकात. सातशे वर्षांचा फरक! आजीचं वाक्य तिथेच कोसळलं.

परत आल्यावर खोदत बसलो, तर गोष्ट आणखी अवघड झाली. त्रिपुरीच्या कलचुरींची एक शाखा दक्षिणेला रतनपूरला राज्य करत होती. मूळ घराणं तेराव्या शतकात संपलं, पण ही शाखा टिकून राहिली. ती संपवली कुणी? १७४१ साली रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत पूर्वेकडच्या मोहिमेवर जाताना वाटेत रतनपूरला थांबले. राजा रघुनाथसिंह म्हातारा होता. फारसा प्रतिकार न होता शहर पडलं, आणि त्यावर लाख रुपयांचा दंड बसला. पुढे १७५८पासून बिंबाजी भोसल्यांनी तिथे प्रत्यक्ष कारभार केला. म्हणजे ज्या वंशाने आजीचं देऊळ बांधलं, त्याच वंशाचं उरलंसुरलं राज्य आपल्या लोकांनी बुडवलं.

खुद्द अमरकंटकही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठ्यांनी रीवाच्या राजाकडून घेतलं. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचा नर्मदेकडचा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८५७च्या उठावात रीवाच्या राजाने इंग्रजांना मदत केली, आणि बक्षीस म्हणून सोहागपूर आणि अमरकंटक त्याला परत मिळालं. एवढं पवित्र ठिकाण, पण हातोहात फिरलं ते जहागिरीसारखंच.

मग भोसले नुसते लुटारू का? तसंही नाही हो. रतनपूरच्या रामटेकडीवरचं राममंदिर बिंबाजींनी बांधलेलं आहे. दंड वसूल करणारे आणि देऊळ बांधणारे हात एकाच घराण्याचे. आपण मात्र सोयीचं तेवढंच पाठ करतो, आणि ते कमी पडलं की दुसऱ्याचं देऊळही आपल्या नावावर चढवतो. मी वीस वर्षं तेच केलं.

आजीला सांगावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. शेवटी नागपूरला गेलो, कुंडातलं पाणी दिलं आणि फोटो समोर धरून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे देऊळ त्यांचं, आणि दंड घेतला तो आपण?" मी हो म्हणालो. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "फोटोच्या मागे त्या राजाचं नाव लिहून ठेव. नाहीतर तूही विसरशील."

लिहिलंय. कलचुरी राजा कर्ण, अकरावं शतक. फोटो आहे तिथेच, देवघरात आहे.

असो. तुमच्याही घरात अशी पिढीजात वाक्यं असतील. एखाद्या वीकेंडला एक उचलून तपासून बघा.